पूर्वपक्षाचा रकाना

त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर तीनदा जळली. पहिल्यांदा जळली तेव्हा वाइंडिंग करून आणली. दुसऱ्यांदा वाइंडिंगवाल्याला दोष देऊन दुसरा गाठला. तिसऱ्यांदा मात्र ‘आता नवीनच घेऊन टाकू’ असं कमिटीत सगळ्यांच्या तोंडी आलं. मी नुकतीच सचिव झाले होते, त्यामुळे कोटेशन मागवायचं काम माझ्याकडे आलं. कोथरूडमधली आमची इमारत १९८३ सालची, तळमजला धरून चार मजले, २४ बिऱ्हाडं. वरच्या टाकीत पाणी चढलं नाही की सकाळी सहाला माझा फोन वाजायला लागतो.

कोटेशनसाठी फोन करायच्या आदल्या रात्री मी लॅपटॉपवर एक कोरी नोंद उघडली, तिला ‘मोटर’ असं नाव दिलं आणि खाली ओळीनं पाच वेळा ‘का?’ लिहिलं. ही रीत मी वाचली होती, करून कधी बघितली नव्हती.

मोटर जळली. का? कोरडी चालली. का? खालच्या टाकीत पाणीच नव्हतं. का? पाणी यायची वेळ बदलली होती आणि मोटरचा टायमर जुन्याच वेळेवर लागलेला होता. का? टायमर आधीच्या वॉचमननं लावला होता, तो गावी परत गेला, आणि असा काही टायमर आहे हेच नव्या वॉचमनला माहीत नव्हतं. का? कारण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या ‘का’पर्यंतची उत्तरं मला सुटी सुटी माहीत होती. वॉचमन बदलला हे माहीत होतं, पाण्याची वेळ बदलली हेही माहीत होतं. ती एकाखाली एक कधी मांडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी टायमरची वेळ बदलली, खालच्या टाकीत पाणी नसेल तर मोटर सुरूच होऊ न देणारा फ्लोट स्विच बसवला आणि वॉचमनच्या खोलीत एक कागद चिकटवला. वाइंडिंग केलेली तीच मोटर आजही चालू आहे.

ही ‘पाच का’ची रीत टोयोटाची. तिचं श्रेय साकिची टोयोडा यांना देतात आणि कारखान्यात ती मुरवली ताइची ओनो यांनी. ओनो यांनी दिलेलं उदाहरण एका बंद पडलेल्या यंत्राचं आहे. फ्यूज उडाला इथून ते सुरू होतं आणि वंगणाच्या पंपाला गाळणी नव्हती इथे संपतं. फ्यूज बदलून थांबलं असतं तर काही दिवसांनी तो पुन्हा उडाला असता. हे नंतर वाचलं तेव्हा मला आमच्या वाइंडिंगवाल्याची आठवण झाली. बिचाऱ्यावर उगाच ठपका ठेवला होता.

तेव्हापासून मी नोंदी लिहिते ती अशा साच्यांमध्ये. माझा व्यवसाय भाषांतराचा, यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायचा. दिवसभर स्क्रीनसमोरच असते, म्हणून वहीऐवजी ऑब्सिडियन नावाचं ॲप वापरते. ते २०२० साली आलं. त्यातल्या नोंदी साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच लॅपटॉपवर राहतात. उद्या ॲप बंद पडलं तरी फायली कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडतील, आणि मला त्याचा फार आधार वाटतो. कुठल्याही नावाभोवती दुहेरी चौकोनी कंस घातले की त्या नावाच्या नोंदीकडे जायचा दुवा तयार होतो. त्या नोंदीत गेलं की तिच्याकडे आणखी कुठून कुठून दुवे आलेत तेही दिसतं. हे उलटे दुवे म्हणजे माझ्या दृष्टीनं त्या ॲपचा जीव. आपण सहा महिन्यांपूर्वी काय विचार करत होतो ते आपल्याला न विचारता समोर येतं.

मराठीत लिहिताना एक सांभाळावं लागतं. शुद्धलेखन चुकलं की नोंद हरवते. माझ्या संग्रहात कितीतरी महिने ‘पुनर्विकास’ आणि ‘पुर्नविकास’ अशा दोन नोंदी शेजारी शेजारी नांदत होत्या. निम्मी कागदपत्रं एकीला जोडलेली, निम्मी दुसरीला. रफार एका अक्षरानं सरकला आणि एका इमारतीच्या दोन फायली झाल्या.

‘साचे’ नावाचं एक फोल्डर केलं आहे. त्यातला एखादा साचा निवडला की कोऱ्या नोंदीत मथळे उमटतात आणि खाली रिकाम्या जागा. पहिल्या वर्षी मी साचे जमवतच सुटले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावानं चालणारा चार चौकोनांचा तक्ता सगळ्यात आधी आला. तातडीचं काय आणि महत्त्वाचं काय हा फरक त्यांनी १९५४ सालच्या एका भाषणात सांगितला, तोही एका माजी कॉलेजप्रमुखाचं म्हणणं म्हणून. तक्ता घरोघरी पोचला तो स्टीफन कव्ही यांच्या १९८९ सालच्या पुस्तकामुळे. मला तो लाभला नाही. सोसायटीच्या सचिवाकडे येणारं प्रत्येक काम, आणणाऱ्याच्या मते, तातडीचंही असतं आणि महत्त्वाचंही. एका चौकोनात गर्दी आणि तीन ओस. तो साचा मी काढून टाकला.

कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी विद्यार्थ्यांसाठी आखलेलं पान मात्र टिकलं. उजवीकडे रुंद जागेत टिपणं काढायची, डावीकडे अरुंद रकाना सोडायचा आणि नंतर त्यात प्रश्न लिहायचे. नवीन यंत्राची पुस्तिका हातात आली की मी अजून तसंच करते. डावीकडचा रकाना रिकामा राहिला तर समजायचं, आपण वाचलंय पण आपल्याला कळलेलं नाही.

एडवर्ड डी बोनो यांच्या १९८५ सालच्या, विचार करायच्या सहा टोप्याही आहेत. पांढरी माहितीची, लाल भावनांची, काळी धोक्यांची, पिवळी फायद्यांची, हिरवी नव्या कल्पनांची आणि निळी चर्चेची दिशा सांभाळणारी. एका वेळी सगळ्यांनी एकच टोपी घालायची. आमच्या सभेत कुणाच्या डोक्यावर टोपी घालायचं धाडस माझ्यात नाही, पण इतिवृत्त लिहिताना मी मनातल्या मनात रंग लावते. लाल टोपीबद्दल डी बोनो यांचं म्हणणं असं की तिथे कारण विचारायचं नाही. ‘मला हे पटत नाहीये’ एवढंच म्हणायची मुभा माणसाला हवी. हा लाल रंग पुढे मला महागात पडला.

आता पुनर्विकासाकडे येते, म्हणजे जुनी इमारत पाडून बिल्डरकडून तिथेच नवी बांधून घेण्याकडे.

पुण्यात आज जुन्या सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आमच्या गल्लीतल्या चार इमारती पत्र्याआड गेल्या आहेत. आमच्या इमारतीचे पिलर तडकलेत, बाथरूमची गळती खालच्या घरात झिरपते, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांना जिना झेपत नाही. बोलणी दोन वर्षं चालली आहेत. कारपेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, किती वाढवून मिळणार, कॉर्पस, म्हणजे बिल्डरनं द्यायची एकरकमी रक्कम, किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, बँक गॅरंटी कितीची, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का. या सगळ्याची मिळून माझ्याकडे आज ३०० च्या वर नोंदी आहेत.

या कामात एका साच्यानं खरोखर हात दिला. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली एका लेखात मांडलेला. काम सुरू करायच्या आधीच सगळ्यांनी मिळून धरून चालायचं, की काही काळ लोटलाय आणि काम पुरतं फसलंय. मग प्रत्येकानं ते का फसलं त्याची कारणं लिहायची. ‘काय चुकू शकेल?’ असं विचारलं की लोक सावरून बोलतात. ‘चुकलंच आहे, का ते सांगा’ म्हटलं की मनातली भीती कागदावर येते. आमच्या कमिटीतल्या सात जणांनी अर्ध्या तासात १९ कारणं लिहिली. अठराव्या महिन्यात भाडं बंद होतं, हे त्यातल्या पाच जणांच्या कागदावर होतं. भाड्यासाठी वेगळी बँक गॅरंटी मागायची असं त्या संध्याकाळी ठरलं.

तेव्हा २४ पैकी २२ सभासदांची लेखी संमती आली होती. एक घर परदेशात, त्यांचं उत्तर यायचं होतं. उरल्या तळमजल्यावरच्या काकू. त्या दर सभेला काकांना घेऊन यायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या, आणि विषय निघाला की एवढंच म्हणायच्या, ‘आमची संमती नाही.’ कारण विचारलं की गप्प. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ ला जे सरकारी निर्देश निघाले, त्यांच्याप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे कायद्यानं बघायला गेलं तर काकूंना विचारायची गरजच नव्हती. कमिटीत दोघातिघांनी तसं बोलूनही दाखवलं.

माझ्याकडे तेव्हा ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ असा दोन रकान्यांचा तक्ता होता. एका संध्याकाळी चहा घेताना सासऱ्यांनी तो बघितला. आम्ही सगळेच त्यांना बाबा म्हणतो. शाळेत ३४ वर्षं संस्कृत शिकवलं त्यांनी. त्यांना स्क्रीनवरचं वाचायचं म्हणजे मजकूर भरपूर मोठा करावा लागतो, त्यामुळे ते हळूहळू, एकेक ओळ वाचतात.

‘ही वाण्याची खातेवही झाली गं,’ ते म्हणाले. ‘जमा आणि खर्च. यात वाद कुठे आहे?’

मग त्यांनी मला मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचं, अधिकरण सांगितलं. एखाद्या प्रश्नाचा विचार करायचा तर त्याची पाच अंगं. आधी विषय, म्हणजे नेमकं कशाबद्दल बोलतोय. मग संशय, म्हणजे त्यात शंका कुठे आहे, दोन वाटा कुठल्या. मग पूर्वपक्ष, म्हणजे आपल्याला न पटणारी बाजू. मग उत्तरपक्ष, म्हणजे तिला आपलं उत्तर. आणि शेवटी निर्णय. काही जण निर्णयाच्या जागी संगती धरतात, म्हणजे हा विचार आधीच्या-नंतरच्या विचारांशी कसा जुळतो ते. हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आले होते. वादविवाद स्पर्धेच्या बातमीत, अग्रलेखात ‘पूर्वपक्ष’ वाचला होता. ती एक रीत आहे, तिला क्रम आहे, आणि तो क्रम माझ्या ‘साचे’ फोल्डरमध्ये सहज बसेल, हे लक्षात आलं नव्हतं. त्याच रात्री ‘अधिकरण’ नावाचा साचा तयार केला. पाच मथळे, पाच रिकाम्या जागा.

बाबांनी एक गोष्ट बजावून सांगितली. पूर्वपक्ष उत्तराच्या आधी येतो आणि तो पूर्ण ताकदीनं मांडायचा असतो. दुबळा पूर्वपक्ष खोडून काढण्यात पुरुषार्थ नाही. त्यांनी वेद आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं उदाहरण दिलं. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक सगळे गेले. त्यांचं म्हणणं आज आपल्यापर्यंत पोचतं ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षांतून. वेगवेगळ्या दर्शनांची ओळख करून देणाऱ्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चं पहिलं प्रकरण चार्वाकांचं आहे. त्या ग्रंथाची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी स्वतःच्या टीकेसह सिद्ध केलेली आवृत्ती इथेच, भांडारकर संस्थेतून, १९२४ साली निघाली. बाबांकडे तिची एक जुनी प्रत आहे, पाठकोरा कागद लावून कव्हर घातलेली. ‘ज्यांचं पटत नाही त्यांचं म्हणणं असं लिहायचं, की उद्या त्यांचा एक कागद उरला नाही तरी ते कळावं,’ बाबा म्हणाले.

मी साचा भरला. विषय: पुनर्विकासाला संमती. संशय: २२ घरांची सोय मोठी की एका घराची हरकत मोठी. पूर्वपक्ष: तळमजल्यावरच्या काकूंचा विरोध, भावनिक कारणं, जुन्या घराची ओढ. उत्तरपक्ष दीड पान. त्यात पिलरचा अहवाल, गळतीचे फोटो, जिना, बाजारभाव, सगळं. निर्णय: काकूंना समजावणे.

चार दिवसांनी बाबांनी तेही वाचलं. पूर्वपक्षाच्या ओळीपाशी थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

‘यावर त्यांनी सही केली असती का?’

मी म्हटलं, ‘कुणी?’

‘ज्यांचा पूर्वपक्ष आहे त्यांनी. हे कागदावर काढून त्यांच्यापुढे ठेवलंस, आणि विचारलंस की हेच तुमचं म्हणणं आहे ना, तर त्या सही करतील?’

मला उत्तर देता आलं नाही. त्या दीड ओळीत काकूंचा एकही शब्द नव्हता. ‘भावनिक’ हा माझा शब्द होता. लाल टोपी मी त्यांच्या डोक्यावर ठेवली होती, आणि लाल टोपीला कारण विचारायचं नसतं, म्हणून विचारलंही नव्हतं. जागा रिकामी सोडली असती तर निदान दर वेळी नोंद उघडल्यावर ती डोळ्यात खुपली असती. मी ती भरली होती, म्हणून इतके दिवस तिच्यावरून पुढे जात होते.

साच्यांबद्दल माझं जे काही मत बनलं आहे ते त्या संध्याकाळचं आहे. डिजिटल नोंदींच्या बाबतीत जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांचं नाव हटकून घेतलं जातं. त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीला क्रमांक दिला, क्रमांकाला फाटे फोडले, एकीवरून दुसरीचा दाखला दिला. त्यांच्या त्या लाकडी खोक्यांवरून आजच्या दुव्यांच्या कितीतरी ॲपना स्फूर्ती मिळाली. १९८१ सालच्या एका निबंधात तर त्यांनी त्या खोक्यांशी आपला संवाद होतो असं मांडलंय. मला लूमान यांच्याबद्दल आदर आहेच. पण चिठ्ठी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतं ते आमचं डेक्कन कॉलेज.

बाबा मला एकदा तिथल्या संस्कृत कोशाचं काम दाखवायला घेऊन गेले होते. ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृत शब्दकोश, डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली हाती घेतलेला. ऋग्वेदापासूनचे सुमारे १,५०० ग्रंथ वाचून त्यातला शब्दन् शब्द चिठ्ठीवर उतरवला गेला. सगळ्या मिळून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या. पहिला भाग छापून झाला १९७६ साली, आणि त्यानंतरही कितीतरी दशकं काम ‘अ’ या अक्षरातच आहे. खण ओढला की चिठ्ठ्यांची घट्ट रांग, कडा पिवळ्या पडलेल्या, वेगवेगळी हस्ताक्षरं. एक चिठ्ठी आम्हाला दाखवली. शब्द, तो ग्रंथात नेमका कुठे आला त्याचा संदर्भ, आणि मूळ वाक्य जसंच्या तसं. बाबांनी ते वाक्य बोट न लावता वाचलं आणि म्हणाले, ‘बघ, अर्थ नंतर. आधी वाक्य.’ तेव्हा मला ते साधं वाटलं होतं. कोशकारानं काय अर्थ लावला यात उद्या चूक निघू शकते, पण चिठ्ठीवर मूळ वाक्य असेल तर पुढच्याला नव्यानं अर्थ लावता येतो. माझ्या नोंदीत अर्थ होता, वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळमजल्यावर गेले. कागद नेले नाहीत, लॅपटॉप नेला नाही.

काकूंनी कोकम सरबत केलं. काका खिडकीजवळच्या खुर्चीत रेडिओ ऐकत होते. ते खडकीच्या कारखान्यात टर्नर होते, निवृत्त होऊन २१ वर्षं झाली. काचबिंदूनं त्यांची नजर गेली हे मला ढोबळमानानं माहीत होतं. ‘त्यांना जरा कमी दिसतं’ असंच इमारतीत सगळे म्हणतात. त्या दुपारी काका पाणी प्यायला उठले. मी उठायला लागले तर काकूंनी हातानंच मला थांबवलं. काका सरळ उभे राहिले, डावा हात किंचित पुढे. चार पावलं. हात फ्रिजच्या कोपऱ्याला लागला, लागला म्हणजे बोटांची मागची बाजू नुसती टेकली. तिथून उजवीकडे वळून तीन पावलं. ओट्याची कड. माठावरचा पेला त्यांनी न चाचपडता उचलला, पाणी घेतलं, प्याले, पेला पालथा ठेवला, आणि तशीच सात पावलं परत. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

‘यांना घर दिसत नाही गं,’ काकू हळू आवाजात म्हणाल्या, ‘पण घर पाठ आहे. पलंगापासून बाथरूमपर्यंत चौदा पावलं. दारापासून गेटपर्यंत ६२. रात्रीचं मला उठवतसुद्धा नाहीत. आता तीन वर्षं भाड्याच्या घरात जायचं, ते पाठ करायचं. ते पाठ झालं की नवीन घर. वय ८१. मध्ये कुठे पडले तर?’

‘काकू, हे तुम्ही सभेत का नाही सांगितलंत?’

‘सभेत? यांना शेजारी बसवून? सगळ्यांसमोर यांना आंधळे म्हणू?’

खुर्चीतून काका म्हणाले, ‘म्हण की. दिसत नाहीच.’ रेडिओचा आवाज त्यांनी केव्हा कमी केला होता ते आम्हा दोघींना कळलं नव्हतं.

मग बराच वेळ काकाच बोलले. मापाचा माणूस, त्यामुळे तक्रार केली नाही, मापं सांगितली. पलंग भिंतीला लागून हवा. बाथरूमचं दार आत उघडणारं असेल तर चालत नाही, बाहेर उघडणारं तर त्याहून नाही, सरकतं असेल तर उत्तम. फरशी गुळगुळीत नको. तळमजला नसेल तर लिफ्टच्या बटणांवर उठावाचे आकडे हवेत. मी विचारलं, ‘काका, हे लिहून घेऊ का?’ ते म्हणाले, ‘लिही. पण माझ्या शब्दांत लिही.’

घरी येऊन मी पूर्वपक्षाची जुनी दीड ओळ खोडली आणि नव्यानं लिहायला बसले. एक पान झालं. ‘जुन्या घराची ओढ’ कुठेच आली नाही. पडण्याची भीती आली, मापं आली, आणि काकूंचं सभेतलं मौन आलं. काही दिवस गेल्यावर ‘चौदा पावलं’ अशी एक वेगळी नोंद केली आणि दोन्ही बिल्डरांच्या प्रस्तावांच्या नोंदींत तिचा दुवा घातला. आता कुठल्याही आराखड्याची नोंद उघडली की ती नजरेसमोर येते आणि बेडरूम ते बाथरूमचं अंतर मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गंमत वाटेल, पण त्या मोजणीत एका आराखड्यातली तिसरीच चूक सापडली. बाथरूमचं दार आणि बेडरूमचं दार एकावर एक उघडत होती, सगळ्याच्या सगळ्या २४ घरांत. दोन वर्षं आम्ही सगळे चौरस फूट बघत होतो.

संशयाची ओळही बदलावी लागली. ‘२२ घरांची सोय की एका घराची हरकत’ हा प्रश्नच मी चुकीचा मांडला होता. आता तिथे लिहिलं आहे: काकांना दोनदा घर पाठ करावं लागू नये, यासाठी काय करता येईल? त्याखाली तीन पर्याय आहेत. मागच्या गल्लीत आमच्याच आर्किटेक्टनं त्याच सुमारास बांधलेली एक इमारत आहे, आराखडा हाच, फक्त आरशात बघितल्यासारखा उलटा. तिथे तळमजल्यावर एक घर भाड्यानं मिळण्यासारखं आहे. दुसरा पर्याय, नव्या घराचा आतला आराखडा काकांच्या मापानं आत्ताच पक्का करून करारात घालायचा. तिसऱ्यावर अजून कमिटीत एकमत नाही. काकूंची संमती अजून आलेली नाही, आणि ती आल्याशिवाय सभेत मतदान घ्यायचं नाही एवढं मात्र कमिटीनं मान्य केलं आहे. त्यासाठी मला दोन बैठका भांडावं लागलं, आणि पुन्हा लागलं तर पुन्हा भांडेन.

हे सगळं इथे लिहू का, असं मी काका-काकूंना विचारलं होतं. त्यांनी होकार दिला तेव्हाच लिहायला घेतलं.

गेल्या रविवारी संध्याकाळी पूर्वपक्षाचं पान मोठ्या अक्षरांत छापून मी खाली घेऊन गेले. बाबाही बरोबर आले. काकूंनी वाचायला घेतलं, पण दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज ओला झाला, म्हणून कागद माझ्याकडे आला. मी वाचत होते, काका मान खाली घालून ऐकत होते, बोटं खुर्चीच्या हातावर मोजल्यासारखी हलत होती. पलंग ते बाथरूम, चौदा पावलं, या ओळीला त्यांनी हात वर केला.

‘पंधरा,’ ते म्हणाले. ‘ही नेहमी चौदा सांगते. उंबऱ्यावरचं एक धरत नाही. माझा पाय तिथेच अडखळतो, ते मोजायला हवं.’

बाबांनी खिशातलं पेन काढून माझ्याकडे दिलं. मी चौदावर काट मारून पंधरा केलं, आणि कंसात उंबरा असं लिहिलं.

‘पुढे वाच,’ काका म्हणाले.